मदत हवी आहे : ट्रेकिंग क्लबच्या साइटवर सीएसपी आणि जुनी सफारी

सीएसपी म्हणजे पानावर कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला सांगणारी हेडरची ओळ. साइट स्टॅटिक होस्टिंगवर आहे, म्हणजे तयार फाइलच पाठवल्या जातात, त्यामुळे दर विनंतीला नवा नॉन्स (स्क्रिप्टला परवानगी देणारा एकदाच वापरायचा संकेत) देता येत नाही. 'स्क्रिप्ट-सोर्स सेल्फ' (फक्त आपल्याच साइटवरच्या स्क्रिप्ट फाइल चालू द्या) लावल्याबरोबर नोंदणीचं बटण मुकं झालं. कारण सरळ होतं, बटणाच्या टॅगमध्येच ऑनक्लिक लिहिलेलं. ते वेगळ्या फाइलमध्ये अ‍ॅड-इव्हेंट-लिसनरने बांधलं, बटण चालू. 'अनसेफ-इनलाइन' (पानातच लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट चालू देणारी सूट) मुळीच नको आहे, कारण फॉर्ममध्ये सभासदांचे रक्तगट आणि घरचे फोन नंबर भरले जातात.

जुन्या आयफोनवर ट्रेकच्या तारखेजागी 'इनव्हॅलिड डेट' दिसायचं. '२०२५-१२-०७ ०६:३०' मधली मोकळी जागा सफारीला चालत नव्हती. मध्ये टी आणि शेवटी +०५:३० घातल्यावर वेळही बरोबर आली.

अडलंय ते कॅलेंडर विजेटपाशी. त्याचा लोडर (विजेट आणणारी छोटी स्क्रिप्ट) आणखी तीन डोमेनवरून स्क्रिप्ट ओढतो. पानातच लिहिलेल्या या लोडरचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आणि 'स्ट्रिक्ट-डायनॅमिक' (परवानगी मिळालेल्या स्क्रिप्टने ओढलेल्या स्क्रिप्टही चालू द्या) दिल्यावर क्रोममध्ये सगळं नीट चालतं. सफारी १५.४ च्या आधी 'स्ट्रिक्ट-डायनॅमिक' कळतच नाही, म्हणून तिथे विजेट कोरं राहतं. पर्याय म्हणून 'एचटीटीपीएस:' (कुठल्याही एचटीटीपीएस साइटवरची स्क्रिप्ट चालेल) जोडलं तर नवे ब्राउझर ते दुर्लक्षितात, पण जुन्यांना सगळं रान मोकळं होतं. तिन्ही डोमेन नावानिशी लिहिणं बरं, की विजेट वेगळ्या पानावर सँडबॉक्स आयफ्रेममध्ये (मुख्य पानापासून तोडलेल्या चौकटीत) ठेवावं? कुणी जुन्या सफारीवर हे चालवून पाहिलं असेल तर हेडरची ओळ जशीच्या तशी द्या.