नामिबिया: उतरल्या दिवशीच सेसरीम गाठावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं (मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि ६९ वर्षांच्या सासूबाई) नामिबियाला जातोय. अकरा दिवस, भाड्याची गाडी. विंडहुक (राजधानी), सेसरीम (वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार), स्वाकोपमुंड (किनाऱ्यावरचं गाव), इटोशा (अभयारण्य) आणि परत विंडहुक. तिथेही डावीकडूनच गाडी चालवतात, त्यामुळे नवरा निर्धास्त. "वर्दळच नाही, कसाऱ्यापेक्षा सोपं!" मला मात्र खडीच्या रस्त्यांची धास्ती आहे.

घोडं अडलंय पहिल्या दिवशी. विमान दुपारी दीडला उतरतं. तिथून थेट सेसरीमला जायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे सोसुसफ्लेच्या वाळूच्या टेकड्यांवर, असा नवऱ्याचा बेत. अंतर साडेतीनशे किमीच्या आसपास. जमेल का? दुसरं, टेकड्यांसाठी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) घ्यावीच लागते का? भाडं बरंच जास्त पडतंय.

जाताना इथिओपियात अदिस अबाबाला एक रात्र मुक्काम आहे. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून झालाय.

प्रतिसाद १
ताई, पहिल्या दिवशी अजिबात नको. गाडीचे कागद, किराणा, पाणी यातच चार वाजतात आणि सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. अंधारात कुडू (मोठं हरीण) आडवा आला तर काही करता येत नाही. विंडहुकला झोपा, सकाळी निघा.

खडीवर ८०च्या वर जाऊ नका. सपाट, सरळ रस्ता, म्हणून पाय आपोआप दाबला जातो. मग एखादं वळण येतं, ब्रेक मारला की मागची बाजू सरकते, आणि गाडी उलटते. आमचं एवढ्यावर निभावलं की फक्त टायर फुटला, तोही सेसरीमच्या वाटेवर, सॉलिटेअर या वस्तीच्या अलीकडे. दोन स्टेपनी मागा, जॅक आणि पाना तिथेच उघडून बघा. खडीवर हवा थोडी कमी ठेवायची, किती ते गाडीवाल्यालाच विचारा. टायर आणि काचा विम्यात आहेत का, हेही.

फोर बाय फोर सोसुसफ्लेपुरती नको. सेसरीमहून ६० किमी डांबरी आहे, शेवटच्या ५ किमी वाळूसाठी शटल मिळते. वाळूत रुतलेल्या गाड्या बघायला मात्र मजा येते!

प्रतिसाद २
अदिसचा मुक्काम विमानतळाबाहेर आहे ना? इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, मग नामिबियात शिरताना त्या लशीचं प्रमाणपत्र लागेल. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस, तीही अधिकृत केंद्रातच. पण साठीपुढच्यांना तिचा धोका जास्त असतो, सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या. मी असतो तर विमानच बदललं असतं.

धागाकर्ती
बाप रे, लशीचं डोक्यातच नव्हतं. उद्याच डॉक्टरांना विचारते आणि दुसरं विमानही बघते. विंडहुकचा मुक्काम पक्का, नवरा फुगून बसलाय. आता एकच: स्वाकोपमुंडहून इटोशातला ओकाउकुएयो हा मुक्कामाचा कॅम्प एका दिवसात होतं की मध्ये थांबावं? दाराशी सूर्यास्तानंतर घेत नाहीत ना?