मदत हवी आहे: योरुबांना ‘जमात’ म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात अटलांटिक गुलाम व्यापारावर छोटं भित्तिपत्रक करतेय. पहिल्याच ओळीत अडकले. मसुद्यात ‘आफ्रिकन टोळ्या’ लिहिलं होतं, मग स्वतःलाच खटकलं. कोट्यवधी योरुबांना (पश्चिम आफ्रिकेतले, मुख्यतः आजच्या नायजेरियातले लोक), ज्यांची ओयोसारखी राज्यं होती, त्यांना टोळी कसं म्हणायचं? आपण स्वतःला टोळी म्हणवून घेऊ का!

त्यात नावांचा घोळ. ब्राझीलमधल्या गुलामांच्या नोंदींत ‘मिना’ असं लिहिलेलं असतं. मला वाटलं, हा एखादा समाज असेल. तर ते नाव घानाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतलेल्या एल्मिना किल्ल्यावरून पडलेलं. योरुबा बोलणारे लोक ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ‘नागो’, तर क्युबात ‘लुकुमी’. आणि ‘योरुबा’ हे सगळ्यांचं सामाईक नाव तर १९व्या शतकात रुळलं; त्याआधी माणूस स्वतःला ओयो, एग्बा किंवा इजेबू म्हणवायचा.

बहुतेक गुलाम अमेरिकेत, म्हणजे यूएसएत गेले, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. सुमारे सव्वा कोटी लोक जहाजांवर चढवले गेले, त्यातले थेट उत्तर अमेरिकेत उतरलेले चार लाखांच्या आसपास. सर्वाधिक ब्राझीलमध्ये.

तर प्रश्न दोन. योरुबा, इग्बो, अकान या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांसाठी ‘लोकसमूह’ बरा की ‘समाज’? आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचा उल्लेख करावा का? त्यांचा इतिहास हिंदी महासागराकडचा. एकाच तक्त्यावर आले तर मुलं दोन्हीची सरमिसळ करतील, अशी धास्ती वाटते. शनिवारी छपाईला द्यायचंय.