वडिलांच्या नावावरील टाइमशेअर सदस्यत्व पुढे चालवावे का?

मृणाल_नाशिक:
नमस्कार. माझ्या वडिलांनी एका हॉलिडे क्लबचे २५ वर्षांचे टाइमशेअर सदस्यत्व, म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क, घेतले होते. त्यांच्या निधनानंतर कंपनीने नॉमिनी म्हणून आईला पत्र पाठवले असून, थकलेले वार्षिक शुल्क, त्यावरील व्याज आणि नावबदलाचे शुल्क भरल्यास उरलेली वर्षे तिच्या नावावर करून देऊ, असे त्यात म्हटले आहे. मूळ रकमेचे हप्ते बाबांनी केव्हाच फेडले आहेत. एवढे पैसे घातलेले वाया कशाला घालवायचे, असे आईचे म्हणणे आहे. भाऊ म्हणतो, पत्राला उत्तरच देऊ नये. ही देणी वारसांकडे येतात का, आणि सदस्यत्व चालवणे परवडेल का?

वकिली_चष्मा:
मृणालताई, आपल्याकडे टाइमशेअर म्हणून जे विकले जाते ती बहुतेक वेळा मालमत्ता नसते. अमेरिकेत काही ठिकाणी वर्षातल्या एका आठवड्याचे रीतसर खरेदीखत होते. येथे मिळतो तो ठरावीक वर्षे, ठरावीक रात्री राहण्याचा करारातला हक्क, आणि रिसॉर्टच्या सातबाऱ्यावर सदस्याचे नाव कधीच लागत नाही. वडिलांच्या हयातीतील थकबाकीबाबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० चे तत्त्व असे, की मृताच्या देण्याची वसुली वारसाच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच होऊ शकते. मात्र आईंनी सही करून सदस्यत्व स्वतःच्या नावावर घेतले, की पुढचे प्रत्येक शुल्क ही त्यांची स्वतःची जबाबदारी ठरते, मग त्या एक रात्र राहोत वा न राहोत.

भावाचा सल्लाही मला पटत नाही. मृत्यूचा दाखला जोडून, सदस्यत्व पुढे चालवण्याची इच्छा नाही असे स्पीड पोस्टाने आणि ईमेलने कळवावे, आणि निधनानंतरच्या काळाचे शुल्क कराराच्या कोणत्या कलमानुसार लावले, हे लेखी विचारावे. वाद वाढल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत तेवढी सांभाळावी.

हिशेबनीस:
परवडण्याचा निर्णय घेताना बाबांनी भरलेली रक्कम हिशेबातून पूर्ण वगळा, कारण सदस्यत्व घेतले काय आणि सोडले काय, ती गेलेलीच आहे. विचार करायचा तो पुढच्या खर्चाचा. उदाहरणार्थ, वार्षिक शुल्क २०,००० रुपये धरले तर १८ टक्के जीएसटीसह ते २३,६०० होते. वर्षाच्या सात रात्री मिळत असतील आणि त्या पूर्ण वापरल्या तर रात्रीला सुमारे ३,३७० रुपये पडतात. चारच वापरता आल्या तर ५,९००. यात जेवण आणि प्रवास नाही. (रिसॉर्ट गावाबाहेर डोंगरावर असते, तेव्हा जेवण तेथल्याच दराने घ्यावे लागते, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही.) शिवाय शुल्क दरवर्षी वाढवण्याची मुभा बहुतेक करारांत कंपनीला असते, आणि थकबाकी असेपर्यंत बुकिंग मिळत नाही.

कार्डावर हंगाम कोणता आहे तेही पाहा. अनेक क्लब हंगामांना रंगांची नावे देतात आणि खालच्या रंगाच्या, म्हणजे कमी गर्दीच्या हंगामाच्या, सदस्याला दिवाळीत किंवा मे महिन्यात खोली मिळणे कठीण जाते. आईंना मुलांच्या सुट्ट्यांतच जायचे असेल, तर हक्क कागदावरच राहील.

मृणाल_नाशिक:
आभारी आहे. कार्ड खालच्या हंगामाचे निघाले. मुदत संपल्यावर काही रक्कम परत मिळेल, असेही आईला वाटत होते. करारात तसे काहीच लिहिलेले नाही. आता एका दलालाचा फोन आला आहे, की सदस्यत्व विकून देतो, फक्त प्रोसेसिंग फी आधी भरा.

वकिली_चष्मा:
एक रुपयाही देऊ नका. अशा सदस्यत्वांना पुनर्विक्रीत फारशी किंमत येत नाही आणि आगाऊ फी घेऊन गायब होणारे अनेक आहेत; पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे लागले असते. पैसे परत मिळण्याची आईंची समजूत अगदीच निराधार नव्हे, कारण हॉटेलच्या रात्री विकून मुदतीअंती रक्कम परत देण्याच्या योजना आपल्याकडे होत्या. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने अशाच योजनांतून गोळा केलेले सुमारे ७,००० कोटी रुपये परत करण्याचा आदेश शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०१६ मध्ये दिला होता. तुमचा करार त्या प्रकारचा नाही, त्यामुळे दावा उरतो तो मूळ रकमेतील न वापरलेल्या वर्षांच्या वाट्याचा. काही करारांत ती रक्कम परत न मिळणारे प्रवेशशुल्क आणि वर्षांवर विभागलेले हक्कशुल्क अशी मोडलेली असते. तसे असेल तर उरलेल्या वर्षांचे हक्कशुल्क त्याच पत्रात मागून घ्या.