पार्किन्सन्ससाठी तीनचाकी सायकल: कुठली घ्यावी?

थबकलेला
वय ६३, पार्किन्सन्सला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात दोनचाकीवरून पडलो. चालवताना नव्हे, थांबताना. पाय टेकायचाय हे पायाला उशिरा कळलं. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात, पण पायडलवर ठेवले की फिरतात! आता तीनचाकी घ्यावी म्हणतो. उजव्या हाताला कंप आहे. बजेट साध्या नव्या सायकलीच्या दुप्पट, वर एक पैसा नाही.

चेनवाला
डोळे झाकून रेलून बसायची घ्या. पुढे दोन चाकं, मागे एक, बूड जमिनीलगत. माझी चार वर्षांत एकदाही उलटली नाही. तुमच्या आकड्याच्या चौपट जाईल, पण तब्येतीपुढे पैसा काय!

निवृत्तनाना
चेनवाले, तुम्हाला पार्किन्सन्स आहे?

चेनवाला
नाही. गुडघे.

माईची_लेक
आईला हाच आजार. तिच्यासाठी उंच सीटची, मागे दोन चाकांची घेतली. पहिल्याच वळणावर आतलं चाक उचललं आणि आई कुंपणात. जन्मभर दोनचाकी चालवलेली ना, वळताना सायकल कलेल असं शरीर धरूनच चालतं. तीनचाकी कलत नाही. आता वळणाआधी वेग चालण्याइतका करते आणि अंग आतल्या बाजूला झुकवते.
खरी अडचण चढण्या-उतरण्याची. पार्किंग ब्रेक नसेल तर घेऊच नका. हातावर भार देऊन उठायला गेलं की सायकल पुढे सरकते, मग माणूस खाली. आम्ही कंपाच्या हाताकडचा ब्रेक काढून दोन्ही ब्रेक डाव्या हाताच्या एकाच दांडीवर आणले.

निवृत्तनाना
मोटर लावून घ्या. मूठ पिळली की सुसाट. मी तर चढावर तरुणांना मागे टाकतो.

माईची_लेक
नाना, हाताला कंप आहे म्हणालेत ते! मूठ आपोआप पिळली गेली तर? मोटर हवीच असेल तर पायडलवरच्या जोरानुसार मदत करणारी.

वाचनवेडा
पाय चिकटणं आणि सायकल चालणं यावर: २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद छापली होती. चार पावलं धड टाकता येईनात, पण सायकल मात्र सफाईने चालवायचा. आणि २००३ साली अमेरिकेत संशोधक जे अल्बर्ट्स यांनी पार्किन्सन्स असलेल्या सोबतिणीला घेऊन जोडसायकलवर आयोवा राज्य पार केलं, तर तिचं अक्षर सुधारलं! पुढे त्यांनी मिनिटाला ८०-९० फेऱ्यांच्या वेगाने पायडल मारून घेण्याचे प्रयोग केले. म्हणून म्हणतो, जोडसायकल घ्या.

चेनवाला
पुढे कोण बसणार? तुम्ही?

निवृत्तनाना
त्यापेक्षा घरातली स्थिर सायकल बरी. पडायची भीतीच नाही.

माईची_लेक
आमच्याकडे होती. टॉवेल छान वाळायचे.

व्यायामशाळा
फिजिओथेरपिस्ट आहे. औषधाचा असर असताना एकदा आणि उतरत आला असताना एकदा, अशी दोनदा चालवून बघा. दुसऱ्या वेळी कुणीतरी शेजारी हवंच. उभं राहिल्यावर बीपी पडत असेल तर मधला दांडा अगदी खाली असलेलीच घ्या. पाय घसरत असेल तर पायडलला पट्टे लावतात, पण ज्याचे पाय असे मध्येच चिकटतात त्याने घट्ट बांधू नयेत. सायकल आत जाईल ना, दार मोजा. स्वस्त तीनचाकीत जोर बहुधा मागच्या एकाच चाकाला मिळतो, त्यामुळे ती एका बाजूला ओढते.
अवांतर: आजाराच्या पहिल्या एकदोन वर्षांतच सायकलवरचा तोल गेला तर डॉक्टरांना जरूर सांगावं. कधी कधी तो साधा पार्किन्सन्स नसतो.

निवृत्तनाना
कशाला घाबरवता? सहा वर्षं चालवलीये त्यांनी.

सुईदोरा
+१ पार्किंग ब्रेक. वर कुणी सांगितलं नसेल तर सांगते, पार्किंग ब्रेक बघून घ्या.

थबकलेला
सर्वांचे आभार. रेलून बसायची चालवून पाहिली. झकास, पण उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून ओढून काढलं. शेवटी जुनी, उंच सीटची, मागे दोन चाकांची घेतली. मोटर नाही, गिअर नाहीत. माईच्या लेकीसारखे ब्रेक डावीकडे आणलेत आणि त्या ब्रेकदांडीला सुतळीचा वेढा घालून पार्किंग ब्रेक केलाय. डावीकडे ओढते, मीही डावीकडेच कलतो, जमतं आमचं.

माईची_लेक
काका, सुतळी नको! दाबून अडकवून ठेवता येणारी ब्रेकदांडी मिळते, तीच बसवा.

चेनवाला
चूक केलीत.

नवा_सदस्य
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत. दोनचाकीलाच लहान मुलांसारखी आधारचाकं लावली तर?