वापरत कुणी नाही, मग नायट्रस जातंय कुठं?

स्टोअरवाला_सांगली
मंडळी मी डॉक्टर नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टोअर आणि गॅस मॅनिफोल्ड (जिथं सिलिंडर जोडून पाइपलाइनला गॅस सोडतात ती जागा) बघतो. भुलीसाठी लागणाऱ्या नायट्रस ऑक्साइड गॅसचे मोठे निळे सिलिंडर महिन्याला २ लागतात आणि बिल पास करताना अकाउंटवाले असे बघतात की जणू मीच घरी नेतोय. परवा भूल देणाऱ्या मॅडमना सहज विचारलं तर म्हणाल्या, अहो मी नायट्रस वर्षभरात फारसं लावलेलंच नाही. आता बोला! वर त्यांनीच सांगितलं की हा गॅस हवेला लई वाईट, पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट. खरंय का? आणि आमच्यासारख्या छोट्या हॉस्पिटलनं खर्च न वाढवता काय करावं?

भूलवाली_ताई
खरंय दादा. २७३ पट, शंभरेक वर्षं वर टिकतो, ओझोनचं नुकसान वेगळंच. पेशंटच्या अंगात त्याचं काही होत नाही, जसा आत तसा बाहेर. स्कॅव्हेंजिंग (ओटीतला वाया गेलेला गॅस ओढून बाहेर सोडणारी सोय) असलं तरी त्यानं फक्त ओटीतली माणसं वाचतात, गॅस पाइपातून बाहेर हवेतच.
तुमची पाइपलाइन गळतेय, पैज लावते. गेजवर कळणार नाही कारण सिलिंडरमध्ये तो लिक्विड असतो, आपल्या घरच्या एलपीजीसारखा, लिक्विड संपेपर्यंत काटा ढिम्म. म्हणून वजन करा. शनिवारी ओटी संपली की एकच सिलिंडर वजन करून लाइनला लावा, बाकीचे बंद, सोमवारी काढून परत काट्यावर ठेवा.

नागपुरी_बॉईल्स
ताई बरोबर बोलल्या पण सेव्होफ्लुरेनचं (वाफ करून हुंगवायचं भुलीचं औषध) पण बघा ना. सोपा हिशोब आहे, फ्लो (मिनिटाला मशिनमधून सोडलेला गॅस) लिटरमध्ये गुणिले टक्के गुणिले ३, म्हणजे तासाला अंदाजे किती एमएल औषध उडतं ते. ६ लिटर फ्लो आणि २ टक्के म्हणजे ३६ एमएल, तेच १ लिटरवर ६ एमएल. म्हणजे २५० एमएलची बाटली कुठं ७ तासात संपते, कुठं ४० तास पुरते, पेशंट दोन्हीकडे तेवढाच झोपलेला. आमचे एक जुने सर ६ वर ठेवून आरामात पेपर वाचायचे बावा.
मात्र बेन सर्किटवर (पेशंटला मशिनशी जोडणारी साधी नळी) हे करू नका, तिथं फ्लो कमी केला की पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. सर्कल (सोडलेला श्वास साफ करून परत देणारं सर्किट) पाहिजे, त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम वेळेवर बदललेला पाहिजे (जांभळा झाला की बदला), ऑक्सिजन आणि गॅसचा मॉनिटर पाहिजे. मॉनिटर नसेल तर हिरोगिरी नको.

एडिनबरोचा_पाहुणा
इथं स्कॉटलंडमध्ये हॉस्पिटलांनी मार्च २०२३ मध्ये डेसफ्लुरेन (सेव्होसारखंच भुलीचं औषध) बंदच केलं, हा निर्णय घेणारा पहिला देश. मग इंग्लंड, आणि युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून अगदी गरज असेल तरच. ते कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट आहे, वर सेव्हो २ टक्के लागतं तिथं हे ६ टक्के. नायट्रसचं म्हणाल तर इथंही वजनं केली तेव्हा बहुतेक गॅस पेशंटपर्यंत पोचतच नव्हता. आता मॅनिफोल्ड बंद करून मशिनवर छोटा सिलिंडर लावतात, वापरून झाला की व्हॉल्व्ह बंद.

कटर_मास्तर
आमच्याकडे दिवसातून दोनदा लाइट जाते, जनरेटरचा धूर ओटीच्या खिडकीत येतो, आणि तुम्ही भुलीच्या गॅसवर चर्चा करताय 😄

भूलवाली_ताई
मास्तर, एका मोठ्या सिलिंडरात ३० किलोच्या आसपास नायट्रस असतं. गुणा २७३ नं. आठ टन कार्बन डायऑक्साइडएवढं झालं. तुमचा जनरेटर एवढा धूर करायला किती डिझेल पिईल ते सांगा मग हसू. आणि शक्य तिथं स्पायनल, ब्लॉक (इंजेक्शननं तेवढाच भाग बधिर करणं) द्या म्हणजे गॅसचा प्रश्नच मिटला, तुमचे हर्निया तरी.

स्टोअरवाला_सांगली
केलं वजन. शनिवारी संध्याकाळी ७१.५, सोमवारी सकाळी ६९. रविवारी एकच सिझेरियन, तेही स्पायनलवर. अडीच किलो गायब!! प्लंबरला घेऊन साबणाचं पाणी लावत फिरलो तर जुन्या लेबर रूमच्या आउटलेटला, जिथं आता आम्ही चादरी ठेवतो, कपाटामागं फेस आला. तेवढा भाग बंद केलाय. मॅडम म्हणतात अख्खी लाइनच बंद करा, ट्रस्टी म्हणतात एवढे पैसे घालून टाकलेली लाइन बंद कशी करायची, ऑडिटला काय सांगणार. मी पुढच्या शनिवारी परत वजन करतोय, आकडा इथं टाकतो.