शरद ऋतूतील कार्यक्रम आणि वर्गणीचा प्रश्न
सगळे इंटरनेटवर फुकट मिळत असताना बॉस्टनच्या जीबीएच या सार्वजनिक प्रसारण केंद्राला वर्गणी कशासाठी द्यावी, असे आपण विचारले आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी पुढील दोन वर्षांकरिता आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर रद्द केले आणि १९६७ च्या कायद्यातून उभे राहिलेले, निधीचा मोठा भाग स्थानिक केंद्रांना पुरवणारे सार्वजनिक प्रसारण महामंडळ त्यानंतर बंद झाले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जीबीएचसारखे मोठे केंद्र कदाचित तग धरेल. ग्रामीण भागातील लहान केंद्रांची मात्र काळजी वाटते. १६ नोव्हेंबर २०२५ पासून सलग सहा रात्री माहितीपटकार केन बर्न्स व सहकाऱ्यांची अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरील बारा तासांची मालिका पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्यावर आली. ज्या युद्धाची पहिली चकमक आपल्या शेजारच्या लेक्सिंग्टनमध्ये झडली, त्याचा इतिहास मुलांसोबत पाहण्याची संधी सोडू नये, असे मला वाटते. विज्ञानावरची ‘नोव्हा’ आणि शोधपत्रकारितेची ‘फ्रंटलाइन’ या मालिका तर जीबीएचमध्येच तयार होतात. वर्गणी एकरकमी देण्यापेक्षा दरमहा थोडी द्यावी, कारण त्यामुळे केंद्राला पुढच्या खर्चाचा अंदाज बांधता येतो. शिवाय कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम आपली कंपनीही भरते का, याची जरूर चौकशी करावी.