गणिताच्या तासाला पालक हवेत कशाला?

सुदामानगरकर

मंडळी, आमच्या घरात आठवडाभर हा वाद पेटलाय, म्हणून इथे टाकतो.

मुलगी तिसरीत, इंदूरच्याच एका खासगी शाळेत. यंदा शनिवारी गणिताचा एक जादा तास सुरू केलाय. पाचवीतली आठ मुलं 'गणित मित्र'. गळ्यात निळी फीत, प्रत्येकाकडे तिसरीची चार-चार पोरं. इथवर मी खूश. पण त्याच तासाला दोन पालकांची पाळी लावलीय. सहभाग म्हणे.

गेल्या शनिवारी माझी पाळी होती. गणित ५२ वजा २७. एक गणित मित्र छोट्याला काड्यांच्या जुड्या देऊन समजावत होता. पाच जुड्या, दोन सुट्या. सात द्यायच्यात, सुट्या दोनच, मग एक जुडी सोड. छोट्याला जुडीचं रबर काढायला वेळ लागत होता. लागू दे की! पण माझ्यासोबतच्या पालकांना बघवेना. वाकून म्हणाले, "इतना क्या सोच रहा है, ऊपर उधार ले और नीचेवाले में एक जोड़ दे." छोट्याने दोघांचंही ऐकलं. वर पाचाचे चार केले, खाली दोनाचे तीन केले, उत्तर आलं १५.

गणित मित्राने एकदा काड्यांकडे पाहिलं, एकदा त्या काकांकडे, आणि गप्प बसला. दहा वर्षांचं पोर, मोठ्या माणसाला चूक कसं म्हणणार?

माझं म्हणणं एवढंच. मुलांच्या हाती तास द्यायचा असेल तर मोठ्यांनी दाराबाहेर राहावं. बायकोचं मत नेमकं उलट आहे. तुमचं?

---

जुनी_पाटी

त्या गृहस्थांना एवढं झोडपू नका. आम्हाला ग्वाल्हेरला गुरुजींनी असंच शिकवलं. वरच्या दोनाला दहा दिले की बारा, बारातून सात गेले पाच. हातचा एक खालच्या दोनात, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. वरच्या पाचाला हात लावायचा नाही. सत्तर वर्षांत चुकलो नाही.

खरी गोष्ट अशी की हल्ली पाठांतरच नाही. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे, रोज संध्याकाळी परवचा म्हणायचो. काड्या मोजत बसलात तर सराफ्यात दुकान कोण चालवणार?

---

खडू_डस्टर

आजोबा, तुमची रीत बरोबरच आहे. वर दहा सुटे वाढवले, खाली एक दशक वाढवलं, दोन्हीकडे सारखी भर पडली, म्हणून फरक बदलत नाही. काड्यांची रीतही बरोबर. तिथे भर काहीच पडत नाही, आपल्याच जुडीतली एक सुटी होते. घोळ दोन्ही एकत्र झाल्या की होतो. वरचं दशकही काढलं आणि खालीही वाढवलं, म्हणून उत्तर बरोब्बर दहाने कमी, पंचवीसच्या जागी पंधरा. मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीच्या वह्यांत दहाने चुकलेली वजाबाकी दिसली की मी आधी विचारते, "घरी कोण शिकवतं?"

म्हणून सुदामानगरकर, पालकांना दाराबाहेर उभं करून भागणार नाही. ते घरी शिकवणारच आहेत. पाळीच्या आधी त्यांना अर्धा तास काड्या घेऊन बसवा. आमच्याकडे पालक येतात तेव्हा मी त्यांनाच गणित घालते. सुरुवातीला लाजतात, मग आपसात भांडतात.

---

रामबागची_मीनल

मला हा धागाच पटला नाही. बाहेर राहून पालकाला कळतं काय? फी भरा आणि फाटकाशी उभे राहा?

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हा प्रत्येक पालकसभेत 'छान चाललंय' ऐकलं. तिसरीत एकदा वर्गात बसायला मिळालं. तो शेजारच्या मुलीच्या ओठांकडे बघून पाढे म्हणत होता. सहाचा पाढा त्याला येतच नव्हता! हे मला प्रगतिपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ वाचा. कलम २१ प्रमाणे शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि निम्म्या स्त्रिया. सरकारला पालक आत हवे आहेत आणि तुम्ही त्यांना बाहेर काढताय.

---

सुदामानगरकर

मीनलताई, त्याच कलमात त्या समितीची कामंही दिली आहेत. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. तिसरीच्या पोराच्या खांद्यावरून वाकून 'उधार ले' सांगणं त्यात नाही. आणि विनाअनुदानित खासगी शाळेला ते कलम लागूही नाही, म्हणजे तुमच्या-माझ्या पोरांच्या शाळेत समिती नसली तरी विचारणारं कोणी नाही. त्यावर भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने.

ओठांकडे बघण्याची गोष्ट मात्र लागली. घरी तपासून बघतो.

---

भिया_जिरावण

सगळे वजाबाकीवर तुटून पडलेत, आधी आकडे तर वाचता येऊ द्या भिया! आमच्याकडे आजी 'एकोणसत्तर' म्हणते, किराणावाला 'उनहत्तर', मॅडम 'सिक्स्टी नाईन'. पोराने सगळ्यांवर मात करून '७९' लिहिलं. त्याची बाजूही ऐका. हिंदीत एकोणऐंशी म्हणजे उनासी, मग एकोणनव्वद काय हवं? उननब्बे. पण तिथे अचानक 'नवासी'. मराठी घरातल्या पोराने करायचं काय?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसला 'वीस तीन' आलं तेव्हा मीही पुणेकर मेव्हण्याबरोबर हसलो होतो. आता हसू येत नाही.

---

वाकडं_लिहितो

पालकांवरच सगळं खापर. ती निळी फीत कोणाला खटकत नाही?

मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं ही कल्पना आपल्याकडचीच. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ नंतर मद्रासच्या अनाथालयात होता. तिथे जवळच्या देशी शाळेत मुलांना वाळूत बोट फिरवून अक्षरं गिरवताना त्याने पाहिलं. आपली धूळपाटीच ती. मग मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायची पद्धत बसवली, १७९७ मध्ये लंडनला त्यावर लिहिलं आणि विलायतेत तिचा बोलबाला झाला. का? एका मास्तरच्या पगारात शेकडो मुलं! तुमच्या शाळेने फी कमी केलीय का? शिक्षक वाचवायचा आणि त्याला नेतृत्व म्हणायचं.

आणि आठ मित्र निवडले कसे? चाचणीत पहिले आलेले आठ, बरोबर? म्हणजे ज्याला येतं त्याला आणखी मान. पाचवीतला जो अजून भागाकारात अडखळतो, त्याला तिसरीची वजाबाकी शिकवायला दिली तर त्याचीच पक्की होईल. पण फीत त्याला मिळत नाही.

---

खडू_डस्टर

निवडीबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. आमच्या शाळेत बाल कॅबिनेट आहे, प्रधानमंत्रीपासून सगळी मंत्रिपदं. पहिल्या वर्षी सगळे मंत्री पहिल्या बाकावरचे. नंतर मी मध्यान्ह भोजनाची रोजची मोजणी सगळ्यात गप्प मुलीकडे दिली. आज १३७ आले, काल १५२, किती कमी? स्वयंपाकाच्या ताई तिच्यासाठी थांबायच्या. चुकली तर भात उरायचा किंवा कमी पडायचा, मग ती फारशी चुकेनाच.

पगार वाचवण्याचं मात्र पटलं नाही. शिकवताना मी वर्गातच असते. चाळीस वह्यांतली कुठली चूक दहाची आणि कुठली निव्वळ घाईची, हे गणित मित्राला कळत नाही, मला बघावं लागतं. उलट काम वाढतं.

आणि पाळीबद्दल एक. निपुण भारत, म्हणजे लहान वर्गांचं वाचन-गणित पक्कं करायची केंद्राची मोहीम, २०२१ ला आल्यापासून पालकांना सोबत घ्या, हे आम्ही सतत ऐकतो. शनिवारी सकाळी कोण येऊ शकतं? ज्याला सुट्टी आहे तो. माझ्या वर्गातल्या अर्ध्या आया त्या वेळी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. त्यांना मी पाळी लावली तर त्या दिवसाचे पैसे जातात. त्या घरी बसून पोराला "दोन किलो पीठ आणलं, पाचशेची नोट दिली, परत किती आणलेस?" एवढं विचारतात, तर मी म्हणते सहभाग झाला.

---

जुनी_पाटी

ताई, तुमचं वाचून एक कबूल करतो. नातवाला काल बसवलं. माझ्या रीतीने त्याने झटपट केलं, पण "हातचा खाली का देतो?" विचारलं तर मलाही नीट सांगता आलं नाही. सत्तर वर्षं देतोच आहे.

पावकी-दिडकीचं मात्र मागे घेत नाही.

---

रामबागची_मीनल

आजोबा, 🙏. सुदामानगरकर, पुढच्या शनिवारी कोण जातंय?

---

सुदामानगरकर

पाळी बायकोची होती, तिला बँकेत काम निघालं, पुन्हा मीच गेलो. आधी वर्गशिक्षिकेला भेटून खडूताईंचं अर्ध्या तासाचं बोललो. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. तोवर आज तुम्ही फक्त गिऱ्हाईक व्हा. मुलांनी बाकं लावून दुकान मांडलं होतं. पोहे, शेव, पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण, वजनाचे ठोकळे, कागदी नोटा.

मी मुद्दाम आजोबांच्या वतीने म्हटलं, "सव्वाशे ग्रॅम जिरावण द्या." निळी फीतवाला थबकला. त्याला एकशेपंचवीस येतं, सव्वाशे नाही. त्याने शंभरचा ठोकळा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी काही बोललो नाही, फार जड गेलं. तेवढ्यात मागून एक तिसरीतली मुलगी पुढे आली, शंभरच्या शेजारी वीस आणि पाच ठेवले आणि म्हणाली, "सवा सौ. पापा रोज तोलते हैं."

तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. शनिवारी ते कधीच येऊ शकत नाहीत.